वेसण आणि वीणा

तोताराम नानाचा मला राग आहे. हे देवळाच्या ओट्यावर बसून लिहितो आहे, म्हणून आधीच कबूल केलेलं बरं. राग गिळावा, असं कीर्तनात बुवा सांगतात. मी चाळीस वर्षं पुढच्या ओळीत बसून ते ऐकलं, टाळ वाजवले, डोळे पुसले. हा राग मात्र गिळून पाहिला तरी घशाखाली उतरत नाही.

धरणगाव रस्त्यावरच्या आमच्या गावात दर चैत्रात हरिनाम सप्ताह बसतो. सात दिवस वीणा हलती राहते. म्हणजे कोणी ना कोणी ती गळ्यात घालून मांडवात उभा असतो आणि नाम घेत असतो. दोन-दोन तासांचा पहारा. दोन तास झाले की पुढचा माणूस येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. ती जमिनीला लागत नाही. ज्याच्या गळ्यात वीणा आहे तो बसत नाही आणि नामाखेरीज दुसरं बोलत नाही. त्याला कोणी ढकलत नाही, अडवत नाही. गावचा पाटील आला तरी आधी त्याच्या पाया पडतो.

सकाळी सात ते नऊ हा पहारा चिंधा आबाचा. एकतीस वर्षं त्याचा, आणि त्याच्याआधी त्याच्या बापाचा. आबाचा धंदा गोऱ्हे शिकवायचा. पंचक्रोशीत कोणाच्या गोठ्यात गोऱ्हा अडीच-तीन वर्षांचा झाला की आबाला बोलावणं येतं. तो वेसण टोचतो, जू खांद्याला सवयीचं करतो, औताला चालता करतो. ट्रॅक्टर आले तसं काम कमी झालं, पण आबाच्या हातचा बैल अजून ओळखू येतो. उधळत नाही, आणि मारलेल्या बैलासारखा अंग चोरतही नाही.

चौदा महिन्यांपूर्वी आबा तोताराम नानाच्या मळ्यात गोऱ्ह्यांची जोडी शिकवायला गेला होता. त्याच मळ्यात धना सालदार होता, वर्षाच्या बोलीवरचा गडी. सातपुड्याच्या पायथ्याचा, चोपड्याच्या वरच्या अंगाचा पावरा आदिवासी. बायको दिवालीबाई, दोन लेकरं. त्या दिवशी विहिरीतली मोटार पाणी ओढेना. धना उतरला, अर्ध्यातून वर आला आणि म्हणाला, पाइपाला करंट लागतोय. लाइट जायला तासभर उरला होता, आणि कपाशीला पाणी द्यायचं होतं. नाना म्हणाला, उतर. धना पुन्हा उतरला. मग नानाने स्वतःच्या हाताने स्टार्टरचं बटण दाबलं.

धनाला वर काढला तो दोराने बांधून, मेलेलाच. गावभर सांगितलं गेलं, धना दारू पिऊन होता, पाय घसरला. आबाने त्याच दुपारी पोलिसांना जे पाहिलं ते सांगितलं आणि जबाबावर अंगठा दिला. तोवर त्याला कोणी गाठलं नव्हतं.

मग नाना गाठायला आला. मी तेव्हा आबाच्या गोठ्यात दूध घ्यायला उभा होतो, म्हणून ऐकलं. मला वाटलं होतं शिव्या देईल, दमदाटी करील. त्याने बाजेवर बसून चहा मागितला.

"आबा, यंदाबी सकाळची वीणा तुमचीच बरं का. पोरं म्हणतात, म्हाताऱ्याला उभं राहावत नाही, कुंदनला द्या. मी म्हटलं, मी सप्ता कमिटीचा अध्यक्ष आहे तोवर आबाची वीणा आबाची." कुंदन म्हणजे नानाचा पुतण्या, आबाच्या नंतर नऊ ते अकरा पहारा त्याचा.

आबाने हात जोडले.

"फक्त ते कोर्टाचं तेवढं सांभाळा," नाना चहा फुंकत म्हणाला. "वय झालंय. माणसाला आठवत नाही. त्यात खोटं काय? नाही तर लोक म्हणतील, देवाचं घर बांधणाऱ्याला फासावर द्यायला निघालेला माणूस वीणेला कसा चालतो? मग माझं कोणी ऐकणार नाही."

एवढंच. आवाज चढला नाही. जाताना नानाने गोऱ्ह्याच्या पाठीवर हातही फिरवला. आणि त्या दिवसापासून आबाला कोणी धनाचं विचारलं की तो एकच सांगायचा, "माले आठवत नही."

मी गप्प राहिलो. कारण सांगतो, लपवत नाही: माझा मुलगा हितेंद्र नानाच्या संस्थेच्या शाळेत कारकून आहे.

गप्प राहिली नाही ती मेघा. आबाची नात, जळगावला कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. रोज स्कूटीने जाऊन येऊन करते. मी तिला शाळेत शिकवलं आहे. कोर्टाच्या तारखेच्या चार दिवस आधी, संध्याकाळी, मी दुधाची बरणी घेऊन गोठ्यात गेलो तर ती दाराशी वही घेऊन बसली होती. आबा आत खुंट्याला सूत अडकवून नवी वेसण वळत होता.

"सर, डॉन्ट म्हणजे काय?" तिने विचारलं. "डी, ए, यू, एन, टी. क्रियापद आहे."

"डॉन्ट म्हणजे धाक दाखवून समोरच्याची हिंमत काढून घेणं. नुसतं घाबरवणं नव्हे. घाबरलेला माणूस पळतो तरी. डॉन्ट केलेला जागेवरच बसतो."

"परीक्षेत वाक्यात उपयोग करा असं येतं. माझं वाक्य तयार आहे." तिने मान आत वळवली. "उदाहरण आमच्या गोठ्यातच बसलंय."

आबाचे हात चालूच होते.

"मेघा," मी म्हणालो, "आजोबांना असं बोलू नये."

"कसं बोलू? तुम्ही सांगा ना सर. दिवालीबाई मागच्या महिन्यात वाट तुडवत आली. इथं, या दारात बसली. म्हणाली, आबा, तू एकटाच होता ना तिथं. आणि हे म्हणाले, आठवत नाही. त्या बाईने पाणीसुद्धा घेतलं नाही आपल्या घरचं!"

मला तो विषय टाळायचा होता. शिक्षकाला विषय टाळायचा असला की तो जास्त शिकवतो. मी घरी गेलो, माझा जाडा कोश घेऊन आलो आणि तिच्यापुढे ते पान उघडलं. या कोशात प्रत्येक शब्द कुठून आला ते दिलेलं आहे. आठवी-नववीच्या वर्गांना मी ते हौसेने सांगत असे; पोरं जांभया देत असत.

"हे बघ. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचांकडून आला. सातशे वर्षं तरी झाली. आणि फ्रेंचांकडे लॅटिनमधून. लॅटिनमध्ये त्याचा भीतीशी संबंध नाही. तिथे मूळ अर्थ आहे जनावर माणसाळवणं. रानातलं जनावर हाताखाली आणणं. इंग्रजीत येता येता तो हरवणं, नमवणं असा झाला, आणि मग माणसाची हिंमत काढून घेणं."

आतून सुताचा आवाज थांबला.

"त्या लोकेबी गोऱ्हा शिकाडेत का, मास्तर?" आबाने विचारलं.

"शिकवत असतील, आबा. घोडे, बैल. म्हणून तर शब्द."

"मारीसन?"

"ते काही पुस्तकात दिलेलं नाही."

"मंग पुस्तकवालाले म्हाईत नही." आबा बाहेर येऊन उंबऱ्यावर बसला. कामाचं बोलायला लागला की त्याचा चेहरा उजळतो, तसा उजळला होता. "मारीसन शिकाडेल बैल कामना नही. एक दिन तो शिंग लावसच. त्याले काय आवडस ते दखनं पडस. एखादाले गूळ आवडस, एखादाले त्याना जोडीदार. ते आपला हातमा ठेवानं. मंग गळामा लोढनं बांधानं, जड लाकूड. पंधरा दिन तो ओढस, जीव खाईसन ओढस. सोळावे दिन उभा ऱ्हास. मंग लाकूड काढी टाक, साधी सुतळी बांध. तरी तो हालत नही. त्याले वाटस, लाकूड शेच."

मी कोश मिटला. मेघाने मिटला नसता.

"आबा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता, "तुमचा सोळावा दिवस कोणता?"

 आबाच्या हातात अर्धी वळलेली वेसण होती. त्याने ती उलटी फिरवायला सुरुवात केली. पीळ सुटत गेला. सगळं सूत मोकळं होईपर्यंत तो उलगडत बसला. मग तो उठला, रांजणातलं पाणी घेऊन तोंड धुतलं.

"बठ्ठं आठवस माले," तो म्हणाला. "धनाना चहाना कप बी आठवस. कान तुटेल व्हता."

दुसऱ्या दिवशी सप्ताह बसला. सकाळचा पहारा झाल्यावर आबा मांडवातूनच सरळ नानाकडे गेला आणि चारचौघांत म्हणाला, "नाना, मी सोमवारे कोर्टमा जासू. आठवस ते सांगसू. तुले आधी सांगं, मांगून नको म्हनू."

नानाचा चेहरा हलला नाही. "जा की आबा. कोणी धरलंय? सोमवारी पहारा करा, वीणा कुंदनच्या गळ्यात घाला, आणि जा. अकरा वाजताच पुकारा असतो."

मला त्या शांतपणाचा अर्थ सोमवारी कळला.

सोमवारी मेघा साडेआठलाच स्कूटी घेऊन मांडवाबाहेर उभी होती. नऊ वाजले. कुंदन आला नाही. सव्वा नऊ झाले. आबा उभा होता, गळ्यात वीणा, तोंडाने राम कृष्ण हरी. साडेनऊला कोणीतरी कुंदनच्या घरी जाऊन आलं: तो पाचोऱ्याला गेला, मामाकडे. काल रात्रीच गेला म्हणे.

मांडवात पन्नास-साठ माणसं होती. वीणा घेऊ शकतील असे निदान पंधरा. नाना पुढे गादीवर बसून माळ ओढत होता.

"अरे, कोणीतरी घ्या ना वीणा!" मेघा खांबाजवळून ओरडली.

"पोरी, पहाऱ्याची यादी असते," नाना डोळे न उघडता म्हणाला. "ज्याचा पहारा तोच घेणार. नियम आहे. कुंदन येईल अकरापर्यंत. नाही आला तर पुढचा रोहिदासचा आहेच."

रोहिदासने मान खाली घातली. सगळ्यांनी घातली. मी सुद्धा घातली. माझ्यापासून आबा सहा हातांवर उभा होता. मी उठलो असतो, हात पुढे केले असते, तर संपलं होतं. मला हितेंद्रची टेबल-खुर्ची दिसली आणि मांडी सुटली नाही. कोश मला तोंडपाठ होता. चौदा वर्षांच्या पोरांना मी त्या शब्दाचं मूळ सांगत आलो आणि मी तिथे तसाच बसलो होतो.

देवाची वीणा! तिचं लोढणं केलं या माणसाने. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधलं, आणि वरून म्हणतो नियम आहे. आबा बोलू शकत नव्हता, बसू शकत नव्हता, खाली ठेवू शकत नव्हता. तो फक्त नाम घेत होता, आणि ते नाम मोठं होत चाललं होतं. कपाळाची शीर दिसत होती. इतक्या रागाने घेतलेलं देवाचं नाव मी त्याआधी ऐकलं नव्हतं. देवाला ते आवडलं असावं, असं मला आज वाटतं.

पावणेदहाला आबाने पाऊल उचललं.

आधी वाटलं, पाय आखडला. पण तो वीणेसह वळला आणि मांडवाच्या मधल्या वाटेने बाहेर निघाला. राम कृष्ण हरी, राम कृष्ण हरी. लोक हडबडून पाया पडायला वाकले, कारण वीणा जवळून गेली की वाकायचं असतं. वाकलेला माणूस अडवणार कसा?

"आबा!" नानाची माळ थांबली. पहिल्यांदा आवाज चढला. "मांडव सोडला तर सप्ता खंडला! गावावर पाप आणशील! धरा रे त्याला!"

कोणी हात लावला नाही. बायकांच्या बाजूने धुरपदाबाई उठली. पंच्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, बोलायला नाही.

"कसाले बोंबलस रे तोताराम? नाव कथं खंडनं? त्याना तोंडमा शे ना! वीणा जठे, सप्ता तठे. तुना मांडव खंडना, त्याले काय करो?"

कोणीतरी हसलं. नाना उभा राहिला तोवर आबा स्कूटीवर मागे बसला होता. बसू नये हा नियम तेवढा मोडला; वीणा मात्र मांडीवर उभी, खुंट्या खांद्याच्या वर आलेल्या. मेघाने गाडी काढली. मी मग उठलो. पायात चप्पल न घालता रस्त्यावर आलो, रिक्षा मिळाली, तिच्यात बसलो. उशिरा उठलो, हे लिहून ठेवतो.

जळगावच्या वेशीवर, पिंप्राळ्यात शिरताना मी त्यांना गाठलं. रस्ता तुंबला होता. ट्रकवाले, दूधवाले, कॉलेजची पोरं त्या स्कूटीकडे बघत होती. एका पोराने मोबाइल काढला. शेजारच्या फळगाडीवाल्याने आधी टोपी काढून हात जोडले, मग पुढच्या दोन रिक्षांना शिव्या देऊन वाट करून दिली.

कोर्टाच्या आवारात दिवालीबाई कडुलिंबाखाली बसली होती, दिराबरोबर. पहाटेच्या गाडीने आली होती. आबाला बघून ती उठली नाही. 

सव्वा अकराला पुकारा झाला. आबा वीणेसह पिंजऱ्यात उभा राहिला. न्यायाधीश बाई तरुण होत्या. त्यांनी कागदावरून मान वर केली.

"आजोबा, ते वाद्य खाली ठेवा."

आबाने मान हलवली. ओठ चालूच.

मी मागून उठलो, हात जोडले, आणि सप्ताहाचं, पहाऱ्याचं सांगितलं. नाना आला नव्हता, सप्ताहाच्या नावाने हजेरी माफ करून घेतली होती; त्याच्या वकिलाने हरकत घेतली की हा न्यायालयाचा अवमान आहे. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"खाली ठेवता येत नाही, पण दुसऱ्याला देता येते ना? मग द्या कोणाला तरी. साक्ष मात्र बोलूनच द्यावी लागेल."

मी हात पुढे केले. आबाने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या नजरेत, तेच जास्त लागलं. मग त्याने माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं आणि मानेने खूण केली. दिवालीबाई घाबरत पुढे आली. आबा पिंजऱ्यातून वाकला, तिच्या पायांना हात लावला, आणि वीणा तिच्या गळ्यात घातली. आमच्या गावात बाईच्या गळ्यात वीणा कधी गेली नव्हती.

"काय म्हनू, आबा?" तिने कुजबुजत विचारलं.

"राम कृष्ण हरी म्हन. थांबू नको."

ती भिंतीशी जाऊन उभी राहिली. वीणा उलटी धरली होती, कोणी सांगितलं नाही. तिचे ओठ हलू लागले.

आबाने सगळं सांगितलं. करंट लागतो असं धना म्हणाला ते. नाना 'उतर' म्हणाला ते. बटण कोणत्या हाताने दाबलं तेही. "दारू पियेल नव्हता तो. मनासंगे चहा पियेल व्हता."

वकील उठले. "चौदा महिने तुम्ही गावात सांगत होता की आठवत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मग तेव्हा खोटं बोलत होता की आता?"

"तवय. आते खरं सांगस."

"का? तुम्हाला कोणी मारहाण केली? धमकी दिली?"

"मारं नही. माले वीणा दाखाडी." आबा न्यायाधीश बाईंकडे वळला. "ताई, मी गोऱ्हा शिकाडस. पन्नास वरीस व्हयनात. कशी वेसन घालतस ते माले म्हाईत शे. मना नाकमा घाली तवय बी माले समजनं व्हतं. तरी मी उभा ऱ्हायनू. ते मनं पाप शे, लिखी ल्या."

टंकलेखक थांबला, बाईंनी मान डोलावली, त्याने लिहिलं.

"आणि आता भीती गेली?" वकिलांनी हसत विचारलं.

"नही गयी," आबा म्हणाला. "आतेबी लागस. पाय दखा मना."

खरंच थरथरत होते.

दीडला आम्ही बाहेर आलो. दिवालीबाईने वीणा परत दिली, आणि मग मेघाच्या हातची पाण्याची बाटली घेतली, तोंड न लावता घटाघटा प्यायली. निकाल अजून लागलेला नाही. पुढची तारीख पडली आहे.

गावात परतलो तर मांडवात लाउडस्पीकर जोरात होता. नानाने शेजारच्या गावाहून दुसरी वीणा मागवली होती आणि पाचोऱ्याला गेलेला कुंदन ती घालून उभा होता. दारात नानाचे दोघं उभे. "आबा, तुमची तुम्ही ठेवा आता. कमिटीने ठरवलंय."

आबाने मांडवाला नमस्कार केला आणि वीणा घेऊन गोठ्यात गेला. गव्हाणीशी उभा राहिला. सकाळपासून स्कूटीवरचा आणि दिवालीबाईचा तेवढा वेळ सोडला तर तो सात तास उभा होता, पोटात काही नव्हतं. नाम आता आवाजात उरलं नव्हतं, नुसते ओठ. बैल रवंथ करत त्याच्याकडे बघत होते. सप्ताहाचे अजून तीन दिवस बाकी होते, आणि तो ती वीणा खाली ठेवणार नव्हता, हे मेघाला दिसत होतं आणि मलाही. बाहेर धुरपदाबाई येऊन बसली होती, आणखी तीन-चार बायका. रोहिदास कोपऱ्यावर उभा होता, पुढे येत नव्हता.

मी पुढे गेलो. आबाच्या पाया पडलो. त्याने माझे अनवाणी पाय बघितले. मग वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि वीणा माझ्या गळ्यात आली. वाटली होती त्यापेक्षा जड होती. आबा तिथेच गव्हाणीला टेकून खाली बसला. मेघाने भाकरी आणली.

पाच मिनिटांत नानाची मोटारसायकल आली. तो गोठ्याच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. वीणेकडे बघून सवयीने वाकायला गेला आणि अर्ध्यात थांबला.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?" तो हळू म्हणाला. तोच चहा फुंकणारा आवाज. "हितेंद्रचं काय करायचं मग? सांगा ना. काय करू?"

मी वीणा छातीशी धरली. उत्तर द्यायची मला मुभा नव्हती. नामाखेरीज दुसरं बोलता येत नव्हतं, म्हणून मी तेच बोललो, त्याच्या डोळ्यांत बघत, घसा फुटेल इतक्या मोठ्याने.